शेवटच्या रांगेला पहिलं पाणी

बुधवारी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी कोंडाबाई ओढ्याकाठच्या व्हॉल्व्हवर वाकलेल्या होत्या. खड्ड्याचं झाकण बाजूला सरकवलेलं, कंबरेएवढी लोखंडी चावी दोन्ही हातांत. सात फेरे झाले की नळाला पाणी येतं, अकरा झाले की पुरा दाब मिळतो. अकरावा फेरा संपल्यावर त्यांनी चावीच्या दांड्याला कान लावला. आत पाणी धावत होतं. समोरच्या पत्र्याच्या खोल्यांत दिवे लागले, बादल्या वाजू लागल्या.

शेलारवस्ती कापूरहोळ फाट्यावरून भोरच्या रस्त्याला लागलं की दोन किलोमीटरवर. पंधरा वर्षांपूर्वी इथं साठ उंबरे होते. मग महामार्गालगत कंपन्या आल्या, फाट्यावर ढाबे आणि गॅरेजं वाढली, आणि ज्यांना कात्रजला खोली परवडेना ती माणसं घाट उतरून इकडं सरकली. गावठाणाच्या खाली तीन इमारती उभ्या राहिल्या. त्याहून खाली, ओढ्याकाठी, दोन रांगांत सव्वीस खोल्या. पाण्याची टाकी मात्र तेवढीच राहिली. पाणी सोडायचं काम आधी कोंडाबाईंचे मालक करायचे. ते गेल्यावर नऊ वर्षं त्याच करतात. वय अठ्ठावन्न, माहेर वेल्ह्यातलं पासली.

पाण्याचा क्रम जुना होता: आधी गावठाण, मग इमारती, शेवटी खोल्या. खोल्यांना पाणी सव्वासहाला यायचं; संध्याकाळचं पाणी सगळ्यांनाच जेमतेम पिण्यापुरतं. पहिल्या पाळीची कंपनीची बस वस्तीच्या वळणावरून पाच पन्नासला सुटते. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. कोंडाबाईंनीही नाही.

नऊ दिवसांपूर्वी गावठाणातल्या सार्वजनिक नळावर आरडाओरडा ऐकून त्या थांबल्या. खोल्यांमधली अश्विनी दोन हंडे घेऊन उभी होती आणि कोंडाबाईंची थोरली जाऊ, रतनबाई, तिला हाकलत होत्या.

"भाडं तिकडं भरतीस, मग पानी हितं कसं गं भरतीस?"

"आमाला सवासाला पानी येतं, मावशी. तवर माझी गाडी गेलेली असती."

अश्विनीचं सासर पासली. नवरा सोमनाथ फाट्यावर टायरच्या दुकानात, ती कंपनीत कंत्राटावर. कायम करायच्या माणसांची यादी लागणार होती आणि तिच्या हजेरीवर उशिराचे दोन शेरे पडले होते. तिसरा पडला की नाव कटणार. एकट्या सोमनाथच्या पगारात खोली चालत नाही. दोघांना पासलीला परत जावं लागलं असतं.

कोंडाबाईंनी ऐकून घेतलं आणि चावी खांद्यावर टाकून निघून गेल्या. पासलीत भात निघाल्यावर पाटाच्या पाण्यावर थोडा गहू-हरभरा करतात. तिथं पाण्याची पाळी शेवटच्या खाचरापासून सुरू होते. वरच्यानं आधी घेतलं तर खालच्याला ओलसुद्धा पोचत नाही. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंनी तेच केलं. खोल्यांना चार चाळीस, इमारतींना साडेपाच, गावठाणाला सव्वासहा.

फक्त कुणाला विचारलं नाही. फळ्यावर सूचना नाही, दवंडी नाही. गावठाणातल्या साठ घरांनी पहाटे नळ उघडले, ते कोरडे.

सरपंच आनंदराव पावणेसहालाच कोंडाबाईंच्या दारात आले. "कुणाला इचारून केलं हे, वयनी?"

"न्हाई इचारलं. ते चुकलं माझं."

"अवो, मतं वर हायेत. खाली खोल्यांत एक बी मत न्हाई."

"मतं न्हाईत, पर आंगुळी करत्यात की ती मानसं."

आनंदरावांना हसू आलं. पण त्यांनी अट घातली. त्यांचं घर गावठाणाच्या अगदी टोकाला. दारातलं दोनशे लिटरचं पिंप सकाळी सातच्या आत भरलं पाहिजे. उद्यापासून आठ दिवस भरलं तर नवा क्रम कायम. एक दिवस जरी राहिलं तरी पुन्हा जुना.

सात दिवस पिंप भरलं. हा बुधवार आठवा.

साडेसहाला कोंडाबाई आनंदरावांच्या दारात पोचल्या तेव्हा पिंपात वीतभर पाणी होतं आणि नळाला करंगळीएवढी धार. आनंदराव तोंडात ब्रश धरून उभे होते.

"आज काय खरं न्हाई, वयनी."

कोंडाबाई पाइपाच्या वाटेनं मागं निघाल्या. व्हॉल्व्ह पुरा उघडा होता, वाटेत कुठं चिखल नव्हता, म्हणजे पाइप फुटलेला नव्हता. मग त्या एकेका घरापुढं थांबून नळाच्या पाइपावर चावी टेकवून कान लावू लागल्या. पाचव्या दारात घरघर ऐकू आली. दार रतनबाईंचं. नळाला थेट मोटर लावून माडीवरची टाकी भरणं चाललं होतं.

"बंद करा ती, जाऊबाय."

"पावनं यायचेत. आन् तू कोन सांगनारी? माह्यारचा कायदा हितं चालवतीस व्हय?"

"नळाला मोटार लावायची न्हाई, ह्यो पंचायतीचाच कायदा हाय. आन् सात दिस सोडून बरी आजच आठावली."

"आठावली. मंग?"

"मंग तुमचा नळच बंद करते. पावन्यास्नी काय पाजताय ते बघा."

रतनबाईंनी बटण दाबलं. "चा तरी घिऊन जा, भांडकुदळे."

"पिंप भरू द्या आदी."

पिंप सहा सत्तावन्नला काठोकाठ भरलं. आनंदरावांनी मोबाईलवर वेळ पाहिली, मान हलवली आणि अकरा वाजता पंचायतीच्या फळ्यावर नवं वेळापत्रक स्वतःच्या हातानं लिहिलं. खाली एक ओळ जास्तीची घातली: नळाला मोटर आढळल्यास जोडणी तोडली जाईल. ती ओळ कुणामुळे आली हे गावठाणात दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रतनबाई संध्याकाळपर्यंत ओट्यावर आल्या नाहीत.

साडेचारला बसमधून उतरून अश्विनी सरळ कोंडाबाईंकडं आली.

"यादी लागली, मावशी. नाव हाय."

"झ्याक झालं. आता ते हंडं वर आनू नगंस, माझी जाऊ लई घाबारलीया."

अश्विनी हसत खाली गेली. कोंडाबाई खडू घेऊन फळ्याकडं निघाल्या. या खेपेला सूचना आधी लिहायची होती. उद्या गुरुवार. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद, त्यामुळे संध्याकाळचं पाणी येणार नाही. त्याऐवजी सकाळी प्रत्येक भागाला दहा मिनिटं जास्त पाणी मिळेल, आणि पहिला व्हॉल्व्ह चार वाजून दहा मिनिटांनी उघडेल.