चाकापेक्षा लहान धाव

इंदुरीचे धाववाले आबा लोखंडाची धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायचे. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी कडी. नवं गिऱ्हाईक ती चाकावर धरून बघायचं आणि हमखास भांडायला उठायचं. आबा शांतपणे तंबाखू मळत म्हणायचे, "आत्ता लहान हाय. जाळ खाल्ला की व्हती मोठी."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज वडगावहून येते. 'उष्णतेचे परिणाम' हा धडा आला की सगळा वर्ग आबांच्या अंगणात न्यायचा, हा माझा शिरस्ता. शाळेत प्रयोगासाठी पितळेचा गोळा आहे, पण त्याची कडी कधीच हरवली. आबांकडे सगळं अस्सल होतं. पेटलेल्या गोवऱ्यांच्या रिंगणात धाव तापून फुगायची. आबा आणि त्यांचा पुतण्या ती लांब सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे, लाकूड धुमसायला लागायचं, आणि आबा ओरडायचे, "घाल!" मावशी, म्हणजे आबांची बायको, बादलीने पाणी ओतायच्या. धाव आवळायची, आऱ्यांचे सांधे करकरत घट्ट बसायचे आणि वाफ मुलांच्या तोंडावर यायची. मी मात्र बाजूला उभी राहून सगळं जणू मीच घडवलं अशा थाटात आकुंचन-प्रसरण समजावून सांगायचे.

आबा माझी फिरकी घ्यायचे. "बाई, तुमचं परसरन हितं रोज हुतं, पर कुनी वहीत लिवत न्हाई." उन्हाळ्यात कुणी सायकलीत टणक हवा भरून आला, तर त्याला उभं करून ती थोडी सोडायला लावायचे. "उन्हात हवा बी अंग पसरती. तिला जागा ठिव." दुधाचं पातेलं काठोकाठ भरून चुलीवर ठेवलं म्हणून त्यांनी मलाही एकदा झापलं होतं.

अलीकडे बैलगाड्या कमी झाल्या. कामं यायची ती लोणावळ्याच्या हॉटेलांची, भिंतीवर टांगायच्या चाकांची. तरी आबा धाव तशीच तापवून चढवायचे. खिळे मारून भागेल असं मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या थंडीत मावशी तीन दिवसांच्या तापाने गेल्या. आबांनी काम बंद केलं. अंगणात गवत माजलं. माणूस कामाला लागला की सावरतो, असं मला वाटायचं, आणि मला एकदा वाटलं की मी कुणाचं ऐकत नाही. तीनदा जाऊन गळ घातली. "आबा, मुलांसाठी तरी." शेवटी ते एका चाकाला तयार झाले. पाण्याची बादली मीच घेतली. अठरा वर्षं हा धडा शिकवणारी मी, पाणी ओतायला मला काय शिकायचं होतं?

धाव चढली. लाकडातून धूर निघाला. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. धूर काळा झाला, एका अंगाला ज्वाळा दिसली, तरी आबा गप्प. मग एकदम दचकून म्हणाले, "घाल!" मी लगेच ओतलं. पण लाकडाचा काठ जळून कोळसा झाला होता. धाव निवल्यावर चाकावर सैल फिरू लागली.

"माझं चुकलं का, आबा?"

"न्हाई. तुमी बरोबर घातलं." ते चाकाशेजारी खालीच बसले. "मला कदी कळतच नव्हतं कवा घालायचं. ती बादली उचलायची, आन् मग मी वराडायचो. चाळीस वर्सं. आज उभा ऱ्हायलो तवा कळलं."

चाळीस पोरांदेखत हे त्यांना कळायला मी त्यांना ओढून आणलं होतं. घरी जाऊन मी जेवले नाही.

महिन्याभरात लेक त्यांना सुदुंबऱ्याला घेऊन गेली. मे महिन्यात भेटायला गेले, तर खाटेवर निम्मेच आबा उरलेले. निघताना त्यांनी माझा हात धरला. "पोरांस्नी धडा शिकवताना तिचं नाव सांगा. माझं नगं."

"सांगेन. पण आबा, मावशींचं नाव काय?" इतकी वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यायले आणि मला नाव माहीत नव्हतं. लाज वाटली.

आबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. ते तिला लेकीच्या नावानेच हाक मारत, 'मंगलची आई'. त्यांनी दाराकडे पाहिलं, लेक ऐकत नाही ना म्हणून. मग अगदी हळू म्हणाले, "शेवंता." आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "शेवंता." जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला नावाने हाक मारली होती, आणि ओ द्यायला ती नव्हती.