दाराबाहेरचा डाव

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी धायरीत एका गिऱ्हाइकाकडे किचन ट्रॉलीची मापं घेत होते. "अहो, ताई जिन्यात कोसळल्यात, लगेच या." गाडी काढून कोथरूडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसले आणि मनात पहिलं काय आलं, तर माझा मिहीर आता शाळेतून येईल, त्याला दुसऱ्यांदा कोण बसवणार?... असलेच विचार येतात.

सुधाताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आल्या. मिहीरच्या मूत्रमार्गात जन्मतःच बारीक पडदा होता, लघवी अडायची. ऑपरेशनने तो काढला, आम्ही पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, वाट मोकळी झाली, पण जोर लावून लावून मूत्राशय जाड, ताठर झालंय. त्याला नीट रिकामं व्हायची सवय लावा. वेळेवर जायचं, तुंबवायचं नाही, आणि एकदा झाल्यावर थोडं थांबून पुन्हा करायची. आत उरलं तर किडन्यांवर येतं. सांगायला सोपं! पोराला ते थांबणंच जमेना. झाली की पँट ओढत पळायचा. मी ओरडायचे, तो रडायचा...

ताईंनी बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल ठेवलं आणि त्यावर बुद्धिबळाचा पट. एका वेळी दोघांची एकेकच चाल. आतून "झालं!" आलं की त्या काळी सोंगटी हलवून ओरडायच्या, "घोडा तुझ्या वजिराच्या अंगावर आलाय. बस विचार करत." तो विचार करायचा आणि तेवढ्यात पुन्हा व्हायची. मग बाहेर येऊन पांढऱ्याची चाल.

"आत्या, तू चीटिंग करतेस!"

"या वयात तेवढंच जमतं. हात धू."

मला येता-जाता स्टूल लागायचं. "ताई, वाटेत येतं हो हे."

"मग वळून जा."

शाळेत बाई त्याला तास चालू असताना लघवीला सोडेनात, तेव्हा ताई स्वतः गेल्या. "आपण त्याला जरूर थांबवा. फक्त त्याच्या किडन्या आपण सांभाळाल, एवढं लिहून द्या." त्यानंतर कुणी अडवलं नाही. हळूहळू सोनोग्राफीत आत उरलेली लघवी कमी दिसू लागली.

ताईंचे दिवस झाले, पाहुणे गेले. मिहीर आता मोठा झालाय, आतून कडी लावतो. "दुसऱ्यांदा बसलास?" "हो गं आई!" मला खरं वाटेना. पुढची सोनोग्राफी तोंडावर आलेली. हातात टेप असायची आणि लक्ष घरी. एक माप दोनदा चुकलं. निदान ते अजून पट मांडलेलं स्टूल तरी माळ्यावर टाकावं म्हणून परवा दुपारी लवकर घरी आले.

तेवढ्यात तो शाळेतून आला. मी स्वयंपाकघरात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दप्तर टाकून आत गेला. जरा वेळाने कडी वाजली, दारातून नुसता हात बाहेर आला. त्याने काळा उंट सरकवला आणि दार पुन्हा लागलं. बराच वेळ काही नाही... मग पाण्याचा आवाज. बाहेर येऊन त्याने पांढरा हत्ती हलवला.

"काय बघतेस?"

"काही नाही. हात धू."

आज सकाळी फरशी पुसत पुसत स्टुलापाशी आले, आणि वळून गेले.