माडाच्या आळ्यातलं गोडं पाणी

देवाला मी रोज हात जोडते, पण भुताखेतांना माझ्या घरात जागा नाही. पाहुण्यांनाच खोल्या पुरत नाहीत, त्यांना कुठे देऊ? दिवेआगरला आमचा होमस्टे आहे. मागे नारळ-सुपारीची वाडी, तिच्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. 'काकू, रात्री खोलीत काहीतरी हललं' असं सांगत कुणी आलं की मी त्याला पाल दाखवते आणि हातात झाडू देते. असली बाई मी. तेव्हा खाली जे लिहिलंय ते हळवेपणाने लिहिलंय असं कृपा करून समजू नका.

पावसाळा सरला की आमच्याकडे टुरिस्टांइतकेच संशोधक उतरतात. एकजण दिवसभर पुळणीवर ओणवा होऊन खेकड्यांची बिळं मोजायचा. एक बाई ड्रोन उडवून किनारा किती आत सरकला ते बघायच्या, आणि ड्रोन सुपारीत अडकला की माझ्या नावाने हाका. एकाने उन्हावर चालणारं सुपारी वाळवायचं यंत्र बसवलं, त्यात वानर जाऊन बसलं. मला ही मंडळी आवडतात. वाढलेलं निमूट खातात आणि टीव्ही मागत नाहीत.

मृण्मयी त्यातलीच. पीएचडी करणारी, काडीसारखी पोरगी. मागे मोठ्या वादळात समुद्र वाड्यांत घुसला होता; त्यानंतर इथल्या मातीत खारेपणा किती शिरला, हा तिचा विषय. आमच्या विहिरीचं पाणी तेव्हापासून मचूळ झालंय. चूळ भरली तरी कळतं. प्यायला आम्ही जार आणतो. मृण्मयीने वाडीत जागोजागी झाडांच्या आळ्यांत सेन्सर पुरले. मातीत ओल किती आणि ती खारट की गोड, ते सगळं तिच्या मोबाइलवर रेघांनी उमटायचं. त्यातला एक सेन्सर मागच्या दाराशी जो माड आहे, त्याच्या आळ्यात होता.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे वादळानंतर दुसऱ्या वर्षी गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. जेवल्यावर मागच्या दारी जाऊन माडाच्या आळ्यात आचवायची ह्यांची सवय. घरात मी हौसेने बेसिन बसवलं, आरसा लावला... हे ढुंकून बघतील तर शपथ. 'तुझ्या बेसिनला नारळ लागले की तिथे हात धुईन,' म्हणायचे. आणि दुसरं म्हणजे, मी ताट घेतल्याशिवाय हे जेवायला बसायचे नाहीत. 'पाहुण्यांचं होऊ दे, तुझं होऊ दे. एकटा जेवायला मी काय लॉजवर उतरलोय?' भुकेने कावलेले असायचे, पण पाटावर नुसते बसून राहायचे. मी चिडायची. आता वाटतं, चिडले नसते तर बरं झालं असतं. पण तेव्हा ते रोजचंच होतं ना.

एका सकाळी मृण्मयी पोहे खाता खाता म्हणाली, "काकू, मागच्या माडाला तुम्ही दुपारी पाणी घालता का?"

"छे गं. त्याला सकाळी पंपाचं जातं तेवढंच."

"मग दुपारी रेघ वर कशी जाते? थोडीशीच. तांब्याभर पाणी ओतावं तशी."

माझा संशय शेवंतीवर गेला. ही आमच्याकडे भांडी घासते. विचारलं तर फणकारली, "मी कशाला तितं पानी वतू, वयनी? मोरी हाय ना घरात." खरंच होतं तिचं. मृण्मयीने सेन्सर काढला, पुसला, दुसरा लावला. पाइप गळतोय का बघितलं. तरी दुपारची रेघ चालूच. मग ती मला जरा चाचरतच म्हणाली, "काकू, सवयीने तुम्हीच घालत असाल का? लक्षात राहत नाही कधीकधी..."

मला रागच आला. म्हटलं, "बाई गं, मी विसरायला लागले तर आधी तुझं बिल विसरेन."

ती हसली, पण मोबाइल पुढे करून म्हणाली, "आणि हे बघा, एखाद्या दिवशी रेघ उठतच नाही. हा दिवस... हा... आणि हा. ह्या दिवशी काय झालं होतं?"

मी चष्मा लावून बघत बसले. तिने दाखवलेली पहिली तारीख अंगारकीची, माझा उपास. दुसऱ्या दिवशी मी तळा गावी भाचीच्या लग्नाला गेले होते, जेवण तिकडेच. तिसऱ्या दिवशी पुण्याची बस भरून माणसं आली होती, सगळ्यांची पानं वाढता वाढता मी नुसत्या चहावर राहिले होते. बाकीच्या बोडक्या तारखा ओळखायला मला वेळ लागला नाही. हे गेल्यापासून माझं जेवणावरून मन उडालं होतं. कधी ओट्याशी उभ्याने दोन घास, कधी तेही नाही. ज्या दुपारी मी घरात जेवले नव्हते, त्या दुपारी रेघ उठली नव्हती. मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

मृण्मयीला मग सांगितलं सगळं. ती शास्त्राची पोर, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या आपण बघूया."

दुसऱ्या दिवशी शेवंतीला सुट्टी दिली. पाहुणे सगळे समुद्रावर. वालाचं बिरडं केलं होतं, ह्यांना आवडायचं ते. मी किती दिवसांनी पाट मांडून, ताट वाढून नीट बसले. मृण्मयी मागच्या दारात, एक डोळा मोबाइलवर, एक आळ्यावर. दार सताड उघडं, टळटळीत ऊन. मी सावकाश जेवले. शेवटचा ताकभात संपवला आणि ताट पुढे सारलं.

"काकू," ती म्हणाली. "या ना जरा."

रेघ चढत होती. आळ्यात बुंध्याजवळ तळव्याएवढी माती काळी पडली होती. कुणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं, तांब्या वाजला नव्हता. मृण्मयीने बोट ठेवून दुसरी, खारेपणाची रेघ दाखवली. "हे तुमच्या विहिरीचं पाणी नाही, काकू. हे गोडं आहे. वाडीत असं पाणी मला कुठेच मिळालेलं नाही."

मी खरकट्या हाताने तशीच खाली बसले. डाव्या हाताचं बोट त्या मातीला लावलं, गार ओल लागली. बोट जिभेवर ठेवलं. वादळाआधी आमच्या विहिरीचं पाणी जसं होतं ना... ती चव मी विसरेन होय? लग्न होऊन आले त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा तेच पाणी दिलं होतं मला. मी एवढंच म्हटलं, "जेवलात?" आणि मला रडू आवरेना. एकदा दिसा म्हणून किती विनवलं. दिसलं काही नाही. माडाची झावळी हलत होती, तेवढंच.

मृण्मयीचे सर येऊन गेले. खालून गोड्या पाण्याचा झरा असेल, भरतीबरोबर ओल वर येत असेल, म्हणाले. भरतीची वेळ रोज बदलते, सर, हे मृण्मयीनेच त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, हा सेन्सर भरवशाचा नाही, याची माहिती थिसिसमध्ये नको. अभ्यास संपला. मी म्हटलं, हा एवढा राहू दे गं. ती तरी काय करणार... वस्तू कॉलेजची, परत द्यावी लागते. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली.

आता रेघ नाही, मोबाइल नाही. आळ्याशी जाऊन हात लावून बघितलं तर कळेल. पण मी जात नाही. कोरडं लागलं तर हे मला पुन्हा एकदा गेल्यासारखे होतील, आणि ते सोसायची ताकद माझ्यात नाही. ह्या सगळ्याचा अर्थ काय, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा, मी ऐकेन.

शेवंती परवा म्हणाली, "वयनी, हल्ली येळेवर जेवता हां तुमी. बरं वाटतं बगून."

काय सांगू तिला? मी नाही जेवले तर हे उपाशी राहतात.