वाट चुकलेलं कोकरू

चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मी त्या आठवड्याच्या शास्त्रवाचनाला जुळेल असं मुलांचं पुस्तक नेते. त्या दिवशी येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला होता, म्हणून वाट चुकलेल्या कोकराची गोष्ट नेली होती. तीन रविवार न आलेली छोटी रूथ उशिरा आली. मी सगळ्यांसमोर तिला रागावले, मागे बसवलं आणि वाचू लागले.

गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "टीचर, कोकरू परत आल्यावर त्याला कुणी रागावलं नाही?"

"नाही गं," म्हणताना माझा चेहरा तापला. पुस्तकं जुळवण्यात माझे आठवडे जातात. वागणं जुळवायचं राहूनच जातं.

"चुकलं माझं, रूथ. पुढे ये."

ती धावत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून चित्रं पाहू लागली. इतक्या झटकन मिळालेल्या क्षमेनेच मला जास्त लाज वाटली.