चाचांनी वळवलेली तांब्याची नळी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यात फ्रिज दुरुस्त करायचो. एका उन्हाळ्यात कापसाच्या एका व्यापाऱ्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर, आणि दर महिन्याला मुंबईला दाखवायला न्यायचं. त्या उन्हात, त्या प्लास्टरात बाईंचा जीव नकोसा व्हायचा. शेटजींनी मालवाहू गाडीत पलंग बसवून घेतला होता, मुंबईहून एसीचं सामानही आणलं होतं. पण ते लहान मोटारीचं. त्याच्या नळ्या पलंगापर्यंत पोचेनात.

"होऊन जाईल," मी म्हणालो, आणि इंजिनापासून मागेपर्यंत तांब्याची सरळसोट नळी टाकली. गार हवा आली. मी खूश! गाडी फिरवून बघायला निघालो, तर सोनगीर यायच्या आत हवा गरम. हादऱ्यांनी नळी सांध्याजवळ चिरली होती, सगळा गॅस उडून गेला होता.

खाली मान घालून मी आग्रा रोडवरच्या चाचांकडे गेलो. ते रेडिएटर दुरुस्त करायचे. वय साठीचं, गाडीतला एसी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते गाडीखाली सरपटत शिरले, इंजिन सुरू करायला लावलं आणि नळीवर बोटं ठेवून बराच वेळ नुसते पडून राहिले.

बाहेर येऊन म्हणाले, "इंजिन हालस, नळी हालत नही. मंग ती तुटीच. तिले हालाले जागा दे, भाऊ."

नवी नळी त्यांनी आधी तापवून मऊ केली. वळवताना चेपू नये म्हणून तिच्यात पांझरा नदीची चाळलेली वाळू ठासली आणि इंजिनाजवळ येईल त्या भागाला तीन वेढे दिले.

"वाळूचा एक कण आत राहिला तरी कॉम्प्रेसर जाईल," मी घाबरत म्हणालो.

चाचांनी नळी ठोकून ठोकून वाळू बाहेर काढली. पेट्रोलनं नळी धुवायची, फुंकायची, खाली स्वतःचा पांढरा रुमाल धरायचा. रुमालावर काही दिसेनासं झालं, त्यानंतरही त्यांनी दोनदा धुतली. मग हवा भरून हौदात बुडवली. एकही बुडबुडा नाही.

मुंबईला मीही सोबत गेलो. मालेगावच्या पुढे, भर दुपारी, बाईंनी अंगावर घ्यायला चादर मागितली.

प्लास्टर निघाल्यावर त्या काठी टेकत चाचांच्या दुकानी आल्या. मी तिथेच होतो. काठी भिंतीला टेकवून, दोन्ही हात जोडून त्या उभ्या राहिल्या, आणि चाचा गडबडून काळे हात पुसायला फडकं शोधू लागले.