प्रेशरची वही

सांगू की नको, सांगू की नको करत इतकी वर्षं काढली. पण आज तुम्ही सगळे बसलाच आहात आणि चहाही टाकलाय, तर ऐका. अट एकच. हसायचं ते शेवटी हसा. मधे हसलात तर माझं प्रेशर वाढतं.

हो, मला प्रेशर आहे. आणि ते नक्की आहे की नाही हे शोधताना मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती आजवर दवाखान्याबाहेर आमच्या ह्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्यांनीही ती कुठे बोलून दाखवली नाही.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. आम्ही किन्हवलीला राहत होतो. मी जवळच्याच एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायचे. हे मुरबाडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सगळं सुरळीत चाललेलं. आणि एके दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, मानेपासून वर चढत जाणारं.

आता डोकं कोणाचं दुखत नाही? पण माझी आई प्रेशरची होती. एका सकाळी तिची डावी बाजू गेली ती गेलीच. दोन वर्षं खाटेवर. पेज भरवली की अर्धी तोंडाच्या कडेनं खाली यायची, ती मी पदरानं पुसायचे. म्हणून खरं सांगते, मला मरणाची एवढी भीती नव्हती. मला त्या खाटेची भीती होती.

रजा टाकली आणि शहापूरला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या हाताखाली वैशाली होती. ही वैशाली माझीच विद्यार्थिनी, पहिली ते चौथी माझ्याकडे. दहावीनंतर दवाखान्यात लागली होती. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं आणि आकडा मला न सांगता डॉक्टरांच्या कानात सांगितला.

झालं. म्हटलं, आपली खाट ठरली.

"बाई, एकशे चौसष्ट आणि शंभर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण घाबरू नका. दवाखान्यात आल्यावर पुष्कळांचं वाढतं. आम्हाला बघूनच वाढतं. हल्लीचे अभ्यास सांगतात की इथल्या एका मापावर ठरवू नका, घरचं मापही बघा. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजा, वहीत लिहा आणि घेऊन या. मग ठरवू, गोळी लागते का आणि कुठली."

मग त्यांनी नियम सांगितले. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, मांडी घालायची नाही. मोजताना बोलायचं नाही. जेवणात मीठ कमी. मी सगळं लिहून घेतलं, नियमांना क्रमांक घालून. शिक्षिका ना मी.

"आणि तंबाखू? विडी, तपकीर?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी वैशालीच बोलली. "बाईंना काय विचारताय, डॉक्टर? बाईंनीच आमाला शपथ दिलेली, तंबाखूला हात लावनार नाय म्हनून. रोज प्रार्थनेनंतर हात पुढे करून म्हनायचो आमी."

मी ताठ बसले. डोकं दुखत होतं तरी ताठ बसले. "माझ्या घरात तंबाखूला थारा नाही," मी म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं. येताना बाजारातून बटाटे, चहा पावडर आणि दातांना लावायच्या मिश्रीची पुडी घेतली आणि किन्हवलीची बस पकडली.

मोजायचं मशीन माझ्या कल्याणच्या भावानं आणून दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबलं की घुर्र करून आपोआप फुगतो आणि आकडे उमटतात. मी दोनशे पानी वही काढली. रकाने आखले. दीडशेच्या वर गेलं तर लाल शाई, खाली असेल तर निळी.

पहिली सकाळ. एकशे बहात्तर. लाल.

संध्याकाळी शाळेतून आले, बसले, मोजलं. एकशे छत्तीस. निळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे चौऱ्याहत्तर, संध्याकाळी एकशे अडतीस. आता सांगा, हे काय गौडबंगाल? बाई तीच, दंड तोच, मशीन तेच. मग सकाळीच काय होतं? आईची बाजूही सकाळीच गेली होती. तेच मला आठवत राहिलं.

नियम तर मी पहिल्याच दिवसापासून सांगितल्याहून कडक केले होते. मीठ कमी सांगितलं होतं, मी बंदच केलं. लोणचं, पापड, सुकट सगळं फडताळात वर. सकाळचा चहा अर्धा तास नको म्हणाल्या होत्या, तो मी साफच सोडला. पण चहाशिवाय सकाळ जाईना हो. काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग नेहमी एकदा लावायची ती मिश्री दोनदा लावायला लागले. दारासमोरच्या ओट्यावर बसून सावकाश मिश्री लावली की चहाची आठवण येत नाही आणि जीवही जरा थाऱ्यावर येतो.

ह्यांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"सुनंदा, हे वरन हाय का डाळीचं पानी?"

"प्रेशर आहे मला."

"तुला हाय. मला कशाला उपाशी मारतेस?"

ते असं म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी घरात कोण असतं? हे असतात. टॉवेल कुठाय, पाकीट कुठाय, बसचा टाइम झाला, मोजा कुठाय, एकच सापडतोय. संध्याकाळी मी मोजते तेव्हा कोण नसतं? हे नसतात. ह्यांची बस उशिरा यायची. म्हणजे कारण समोर उभं होतं, बनियनवर.

तिसऱ्या दिवशी मी प्रयोग केला.

"तुमी जरा ओट्यावर जाऊन बसा."

"का?"

"प्रेशर मोजायचंय."

"मग मोज की. मी काय पट्टा ओढतोय तुझा?"

पण गेले बिचारे. ओट्यावर ते ठाण मांडून बसले म्हणून माझी दुसऱ्या वेळची मिश्री त्या दिवशी राहून गेली, पण तेवढं चालतं. मोजलं. एकशे अठ्ठावन्न! चौथ्या दिवशी पुन्हा त्यांना बाहेर बसवलं. एकशे छप्पन्न. मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'हे घरात – १७४. हे ओट्यावर – १५६.' दोनदा केलेला प्रयोग. आता आणखी पुरावा काय हवा?

ओट्यावर गेल्यानं एवढं उतरतं, तर गावाबाहेर गेल्यानं किती उतरेल? मी हिशेब मांडला आणि ह्यांची पिशवी भरली. माझी नणंद टोकावड्याला दिलेली. उलट तिथून मुरबाडला जायला ह्यांना बसही सोयीची.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"वही पुरी होईपर्यंत."

"लोकांना काय सांगू?"

"सांगा प्रेशरमुळे आलो."

"कुनाच्या?" असं म्हणून पिशवी उचलून ते गेले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, मी खाटेला खिळले तर ह्यांनाच करावं लागणार आहे.

पाचवी सकाळ. घर शांत. टॉवेल नाही, पाकीट नाही, मोजा नाही. ओटा मोकळा. मी आरामात मिश्री लावली, दोनदा लावली. धाकधूक होती म्हणून थोडी तिसऱ्यांदाही लावली. तोंड धुतलं, त्रिसरण-पंचशील म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकून बसले आणि बटण दाबलं.

एकशे ब्याऐंशी.

आता घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे दोष आतच होता. त्या दिवसापासून मी तासातासाला आरशात बघून हसायला लागले, तोंड वाकडं होतंय का ते बघायला. वर्गात फळ्यासमोर उभी राहून दोन्ही हात वर करून बघायचे, सारखे जातात ना? पोरांना वाटलं कवायत सुरू झाली. मी मागे वळले तर सगळा वर्ग हात वर करून उभा. एका कागदावर लिहून ठेवलं, माझी बाजू गेली तर दागिने कुठे आहेत, पासबुक कुठे आहे. पेज भरवायला कोणाला ठेवायचं, तिथे मात्र पेन थांबलं. तिथे मी रडले.

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, दादा हितं रोज सुकट-भाकर खातोय नि पोटभर खातोय. पन बोलत कायच नाय. भांडलात का गो?"

सातव्या दिवशी मीच ह्यांना फोन केला. "या घरी."

"उतरलं प्रेशर?"

"नाय. तुमी गेल्यापासून वाढलंय."

हे म्हणाले, "मी असलो तरी वाढतं, नसलो तरी वाढतं. मी करू तरी काय?" पण आले. आणि आठव्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर शहापूरला आले.

डॉक्टरांनी वही बघितली. लाल शाई, निळी शाई, रकाने. "किती छान लिहिलंय, बाई. असं कोणी आणत नाही." मला बरं वाटलं. "संध्याकाळचं बरंच ठीक आहे. सकाळचंच एवढं का चढतंय? आणि हे 'हे ओट्यावर' म्हणजे काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "तुमी जरा बाहेर..."

"मी आठ दिवस बाहेरच हाय," हे म्हणाले. "काय ते समोर बोल."

आणि मी बोलले. डॉक्टरांसमोर, वैशालीसमोर बोलले. "माझं प्रेशर ह्यांच्यामुळे वाढतं."

हे मांडीवरच्या पिशवीचे बंद नुसते सोडत आणि बांधत बसले. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, उठल्यापासून मशीनचं बटण दाबेपर्यंत काय काय करता, एकेक करून सांगा. काही गाळू नका."

"काय करणार? उठते. ओट्यावर बसून मिश्री लावते. तोंड धुते. पंचशील म्हणते. पाच मिनिटं बसते. मोजते. चहासुद्धा घेत नाही."

"मिश्री किती वेळा?"

"एरवी एकदा. आता चहा सोडलाय म्हणून दोनदा. धाकधूक असली तर तीनदा."

"बरं. आणि मिश्री कशाची करतात, बाई?"

आता मला सांगा, हा काय प्रश्न झाला? मिश्री मी स्वतः करते. बाजारातून पुडी आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. दुकानदार दर वेळी विचारतो, 'बाई, तंबाखू कडक देऊ का साधी?' आणि मी सांगते, कडक दे.

"तंबाखूची," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मला ऐकू आलं मी काय म्हटलं ते.

पण शपथेवर सांगते, तोवर माझ्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. तंबाखू म्हणजे बाप्ये चुना लावून मळतात ती. मिश्री म्हणजे दात घासायचं. माझ्या आईनं लावली, आजीनं लावली. ती तोंडात भरून मी वर्षानुवर्षं पोरांना शपथ दिली, आणि तोंड धुऊन रोज पाचवं शील म्हटलं, नशेच्या पदार्थांपासून लांब राहण्याचं.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तंबाखूनं प्रेशर चढतं, थोड्या वेळापुरतं का होईना. तुम्ही रोज सकाळी आधी ते चढवता आणि मग मोजता. ओट्यावर साहेब बसले म्हणून तुमची एक फेरी चुकली असणार, तेव्हाच उतरलंय. ह्यांच्यामुळे वाढत नव्हतं, बाई. ह्यांच्यामुळेच काय ते कमी झालं होतं."

मी ह्यांच्याकडे बघू शकले नाही.

तेवढ्यात वैशाली मधे बोलली, माझी बाजू घ्यायला. "पन डॉक्टर, मिश्री काय तंबाखू असती का? मी पन लावते. चौथीपासून. तवा बाईंची मधल्या सुट्टीची डबी टेबलाच्या खणात असायची, तिथूनच तर..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला. बोटाचं टोक काळं होतं.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "वैशाली, पट्टा बांध," त्या म्हणाल्या. "तुझ्याच दंडाला."

पुढे मला गोळी लागलीच, पण लहानशी. मिश्री सुटल्यावर सकाळचा आकडा खाली आला, तरी थोडं प्रेशर होतंच, आईकडून आलेलं. ते गोळीनं ताब्यात राहील, खाटेची एवढी धास्ती नको, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मला पुन्हा रडू आलं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये हे खिडकीजवळ बसले. शहापूर मागे पडल्यावर म्हणाले, "मंग मी आता घरी येऊ का टोकावड्याला जाऊ?"

"घरी या," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"वही दे हिकडं. नि ते लाल पेन पन."

मला वाटलं 'हे घरात – १७४' खोडतील. नाही खोडलं. त्याखाली, मी पोरांच्या वह्यांत लिहिते तसा, त्यांनी शेरा लिहिला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. 'उत्तर चूक. मिश्री ही तंबाखूच असते. दहा वेळा लिहिणे.'

काय करता? लिहिलं. किन्हवलीचा स्टँड येईपर्यंत सात वेळा लिहून झालं. उरलेलं तीनदाचं त्यांनी घरी गेल्यावर माफ केलं, मी वरणात मीठ घातलं तेव्हा.