दोघींची एक नोंद

आमच्या दवाखान्याची माहिती क्लाउडवर न्यावी असा अर्ज सगळ्यात आधी मीच केला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे दवाखान्यात माझी ओळख ‘नव्याला आडवी येणारी बाई’ अशी झाली.

पेणला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, मी तिथे काम करते. एक्स-रेच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली आहे, तिथे आमचा सर्व्हर असायचा. दुसरा तसाच सर्व्हर रोह्याच्या उपकेंद्रात, नदीपलीकडे अष्टमीला. वीज गेली की बॅटरी कशीबशी वीस मिनिटं टिकायची. मग केसपेपर हाताने लिहायचे आणि वीज आली की ते सगळे परत टाइप करायचे. पेणचा पेशंट रोह्याला गेला तर तिथे त्याची काहीच माहिती नसायची. अष्टमीच्या खोलीत भिंतींना ओल यायची आणि मशीन मध्येच गप्प व्हायचं. ते उठवायला मी आठवड्यातून दोनदा एसटीने रोह्याला जायचे.

मी खाडीकाठच्या गावातली, मिठागरात काम करणाऱ्या घरातली. बारावीनंतर केसपेपरच्या खिडकीवर बसायला लागले. कॉम्प्युटर आला तेव्हा टायपिंग येणारी मी एकटीच होते. पुढे पेणमध्येच क्लास लावला, मग पुस्तकं आणून डेटाबेस शिकले. मला त्या कामावर कुणी रीतसर नेमलं नाही. काही अडलं की माझ्या नावाने हाक यायची, आणि असं होता होता सगळा डेटाबेस माझ्या अंगावर आला. पंधरा वर्षं मी तो सांभाळला.

शेवटी ट्रस्टने क्लाउडचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं. त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर तिशीतला, शांत आणि कामात हुशार माणूस होता. त्याची योजना मला पटली. आधी दोन्ही ठिकाणच्या डेटाबेसची प्रत क्लाउडवर करायची. त्यानंतर आमच्याकडे जे काही लिहिलं जाईल ते लगेच त्या प्रतीतही उतरेल, अशी सोय करायची. महिनाभर जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालू ठेवायचं. सगळं जुळलं की एका रविवारी जुनं बंद करून नव्यावर काम सुरू करायचं. मीही उत्साहाने हातभार लावला. पहिली प्रत पूर्ण झाली त्या दिवशी सगळ्यांना चहा मीच पाजला.

ठरलेल्या रविवारच्या तीन आठवडे आधी त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. सगळी माहिती तपासली आहे आणि ती बरोबर आली आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली माझी सही हवी होती. सोबत एक यादी होती. पेण आणि रोहा एक करताना काही माणसं दोन्हीकडे सापडली होती. अशा जोड्या शोधून कंपनीच्या प्रोग्रॅमने प्रत्येकीची एकच नोंद केली होती. नाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख या चारही गोष्टी जुळल्या तर माणूस एकच, असा नियम. दोन नोंदींत फरक निघाला तर नंतरची माहिती खरी धरायची.

कागदावर बघताना नियम शहाणपणाचा वाटतो. मलाही वाटला. तरी सही करायच्या आधी यादी वाचायची माझी सवय आहे, म्हणून वाचत बसले. दुसऱ्याच पानावर माझं बोट थांबलं.

खांबजवळच्या एका कातकरी वाडीतल्या बाईचं नाव होतं. ते इथे लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी रोह्याच्या उपकेंद्रात तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं आणि पाचेक मिनिटांत तिचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी त्या दिवशी तिथेच होते. डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, आधी हे लिहा. मी तिच्या नोंदीत पेनिसिलिन चालत नाही असं लाल अक्षरांत टाइप केलं होतं.

क्लाउडवरची प्रत उघडून बघितली. तिच्या नावापुढे अ‍ॅलर्जीच्या रकान्यात लिहिलं होतं: नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. त्याच वाडीत त्याच नावाची आणखी एक बाई होती. दोघींच्या नवऱ्यांची नावंही एकच. ही दुसरी वीटभट्टीच्या कामाला पेणकडे आली असताना तिची नोंद आमच्याकडे झाली होती. तिला कसलीच अ‍ॅलर्जी नव्हती, आणि तिची नोंद नंतरची होती. म्हणून तीच खरी ठरली आणि पहिलीची लाल ओळ पुसली गेली. जन्मतारीखही दोघींची एकच होती, एक जानेवारी, साल सुद्धा तेच. वाड्यांवर आधार कार्डाचं शिबिर लागलं तेव्हा कुणाला तारीख सांगता आली नाही, मग लिहिणाऱ्याने अंदाजाने साल घातलं आणि पुढे एक जानेवारी लावून टाकली. अर्ध्या वाडीचा जन्म एकाच दिवशी झालेला. प्रोग्रॅमला तो पक्का पुरावा वाटला.

मी प्रोजेक्ट मॅनेजरला दाखवलं. त्याने ती जोडी लगेच वेगळी करून दिली आणि म्हणाला, आता सही करा. मी विचारलं, बाकीच्या जोड्यांचं काय? तो म्हणाला, इतक्या मोठ्या कामात थोडंफार इकडेतिकडे होतंच, पुढे एखादी तक्रार आली की दुरुस्त करू. मी म्हटलं, त्या वाडीतून तक्रार कोण करणार आणि कधी? इंजेक्शन दिल्यावर?

पण तारीख ठरलेली होती. प्रकरण व्यवस्थापकांकडे गेलं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, तारीख पाळण्याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. कंपनीने हे काम अनेक मोठ्या हॉस्पिटलांत केलं आहे, तुम्ही त्यांना शिकवू नका, असं त्यांनी समजावलं. मी ऐकून घेतलं आणि सही होणार नाही म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुम्ही केसपेपरच्या खिडकीवरून इथवर आलात, हे विसरू नका.”

“विसरले नाही, साहेब,” मी म्हटलं. “म्हणूनच मला ह्या दोघी वेगळ्या आहेत हे माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो आला. कामात हेतुपुरस्सर अडथळा आणल्याबद्दल खुलासा करावा. मी एका पानात खुलासा दिला. यादी तपासून झाल्याशिवाय सही करणार नाही, आणि तपासायला मी सोमवारपासून सुरुवात करत आहे. परवानगी मागितली नाही. माझी साठलेली रजा होती, ती टाकली.

रोह्याच्या उपकेंद्रात एक जुन्या सिस्टर आहेत. वाड्यावाड्यांवर लसीकरणाला फिरून त्यांना घराघरातली माणसं तोंडपाठ आहेत. त्यांना यादी दाखवली तर त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि हसू लागल्या. “ह्या दोघांना एक केलंन? एकाचा पाय मोडलाय, दुसरा झाडावर चढतो.” मग म्हणाल्या, चला, मी येते.

पहिल्या दिवशी खांबच्या वाडीवर गेलो. दोघीही भेटल्या. एक घराच्या पडवीत तांदूळ निवडत होती, दुसरीला हाक मारून बोलावलं. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, म्हणजे कॉम्प्युटरने तुम्हा दोघींची एकच बाई केली आहे. मला वाटलं, त्या घाबरतील किंवा चिडतील. पडवीतली बाई दुसरीकडे बघून म्हणाली, “मंग गो, तुझ्या पोरांना आता मीच जेवाय घालू का?” आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मलाही हसू आलं. मग जिला ते इंजेक्शन बाधलं होतं तिने आपलं हसणं आवरलं आणि मला विचारलं, “त्या दिवशीची सुई परत देतील काय मला?”

मी म्हटलं, नाही देणार.

मी ते बोलून गेले खरी, आणि परत येताना रिक्षात त्याचाच विचार करत होते. मी तिला शब्द दिला होता, आणि तो देण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता.

सिस्टर आणि मी पुढचे दोन आठवडे फिरलो. काही वाड्या, काही खाडीकाठची गावं, हमरापूरच्या दोन आळ्या. ज्यांचे फोन होते त्यांना फोन केले. प्रोग्रॅमवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की बऱ्याच जोड्या खरोखर एकाच माणसाच्या होत्या. हमरापूरला गणपती रंगवणारा एक जण तर दोन्हीकडे वेगवेगळ्या आडनावांनी नोंदलेला होता आणि तो मात्र प्रोग्रॅमच्या नजरेतून सुटला होता. पण चाळीसहून जास्त जोड्या खोट्या निघाल्या. दोन जिवंत माणसं, एक नोंद. त्यात बापलेक होते, चुलत भाऊ होते, शेजारणी होत्या. जवळजवळ सगळे वाड्यांवरचे, आणि सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी. कुणाची साखरेची गोळी दुसऱ्याच्या नावावर गेली होती, कुणाचा टीबीचा जुना कोर्स गायब होता.

ठरलेल्या रविवारच्या आधी शुक्रवारी ट्रस्टच्या समितीची बैठक होती. मला बोलावलेलं नव्हतं. मी यादी घेऊन गेले आणि दाराशी उभी राहिले. व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बैठकीला मोठे डॉक्टर हजर होते, त्यांनी आत येऊ दिलं. रोह्यात त्या बाईला इंजेक्शन देणारे आणि मग वाचवणारे तेच. मी लांबलचक काही बोलले नाही. कंपनीने दुरुस्ती करायच्या आधी नव्या सिस्टीममधली त्या बाईची नोंद मी छापून ठेवली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, हिला पायाला जखम होऊन ताप आला, आणि तुमच्यासमोर हा कागद आला, तर कुठलं इंजेक्शन द्याल?

डॉक्टरांनी वाचलं. अ‍ॅलर्जीचा रकाना बघितला. म्हणाले, पेनिसिलिन.

मग मी नाव वाचायला सांगितलं. त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं आणि कागद खाली ठेवला. व्यवस्थापक म्हणाले, ही एक जोडी तर कंपनीने दुरुस्त केली आहे. मी उरलेली यादी त्यांच्यापुढे सरकवली. प्रत्येक नावापुढे सिस्टरांची सही होती.

रविवार पुढे ढकलला गेला. जोड्या एक करणारा नियम बंद झाला. प्रत्येकाच्या जुन्या नंबराआधी तो कुठला ते लागलं, पेणचा पे आणि रोह्याचा रो, आणि दोन्ही नोंदी जशाच्या तशा गेल्या. शंका आली तर प्रोग्रॅम फक्त विचारेल, ठरवणार नाही. ठरवायचं माणसाने, चौकशी करून. प्रोजेक्ट मॅनेजरने हे सगळं नव्याने बांधलं, आणि मन लावून बांधलं. पुढे महिन्याभराने एका रविवारी दुपारी आम्ही जुने सर्व्हर बंद केले. दोन्ही बाजूंच्या नोंदी मोजून जुळवल्या, एकही कमी नव्हती. त्या दिवशी मी सही केली.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र नाही. नव्या व्यवस्थेसाठी एक प्रमुखपद निघालं. ते मला मिळेल असं सगळे म्हणत होते, मलाही वाटलं होतं. ते बाहेरून आलेल्या माणसाला दिलं गेलं. मेमो माझ्या फायलीत तसाच आहे. व्यवस्थापकांनी एकदा निरोप पाठवला, की दोन ओळींचं खेदाचं पत्र द्या, मेमो काढून टाकतो. मी कळवलं की खेद झालेला नाही, मेमो राहू दे. घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. काढोत.

आता वाद चालू आहे तो जन्मतारखेचा. नवीन प्रमुख सांगतात, तो रकाना सक्तीचा करा, रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाऊ नये, रिपोर्ट नीट येत नाहीत. मी नाही म्हणते. सक्ती केली की खिडकीवर बसलेली मुलगी रांग बघून एक जानेवारी टाकणार, मीही टाकली असती. तिथे बसणाऱ्या मुलींना मी सांगून ठेवलं आहे, तारीख माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. दर बैठकीत तो विषय निघतो. मी दर बैठकीला जाते.